टाक्या मोजल्या, गॅस कुणी मोजला?

पोस्ट लांब आहे आणि विषय शेणाचा आहे. ज्यांना नाक मुरडायचं त्यांनी खुशाल पुढे सरकावं. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

आपल्या हिंगोलीचं नाव अलीकडे परदेशातल्या शास्त्रज्ञांच्या तोंडी येतं ते लायगोमुळे. औंढ्याजवळ दुधाळ्याच्या माळावर चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात बसणार आहेत. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. ते यंत्र काय मोजणार? कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात जी थरथर उठते, ती. प्रोटॉनच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही बारीक हालचाल आपल्या माळावर टिपली जाणार. अभिमानाचीच गोष्ट आहे, वाद नाही.

आता त्याच औंढा तालुक्यात कुठल्याही गोठ्यापुढे उभे राहा आणि विचारा, "दादा, तुमची गोबरगॅसची टाकी दिवसाला किती गॅस देते?" उत्तर येईल, "पुरतो की चहापाण्याला" किंवा "बंद पडली ती, चार-पाच वर्षं झाली." आकडा येणार नाही. हाच प्रश्न पंचायत समितीत विचारलात तर किती टाक्या मंजूर, किती पूर्ण, किती अनुदान वाटप, सगळं रजिस्टरमध्ये मिळेल. गॅस किती, हा रकानाच नाही. हा रकाना का नाही, त्याचा इतिहास सांगायचा आहे. आणि तो आत्ताच का सांगायचा, तेही पुढे येईल.

सुरुवात इटलीतून करू. १७७६ च्या नोव्हेंबरात अलेस्सांद्रो व्होल्टा, म्हणजे ज्याच्या नावाने आपण व्होल्ट म्हणतो तोच, माज्जोरे सरोवराच्या काठच्या दलदलीत काठीने गाळ ढवळत होता. गाळातून बुडबुडे आले, ते त्याने बाटलीत धरले आणि पेटवून पाहिले. हाच मिथेन. मला यातलं विशेष वाटतं ते पुढचं. गॅस पेटतो एवढं पाहून व्होल्टा थांबला नाही. बंद नळीत गॅस आणि हवा घ्यायची, विजेची ठिणगी पाडायची आणि किती उरलं ते नळीवरच्या खुणांवर वाचायचं, असं उपकरण त्याने बनवलं. म्हणजे मिथेन सापडला आणि लगेच त्याचं मोजमाप सुरू झालं. आपल्याकडे ही जोडी कुठेतरी तुटली.

भारतातला पहिला प्रयोग महाराष्ट्रातला आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. मुंबईत माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रम निघाला. महापालिका आयुक्त ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने तो १८९० मध्ये सुरू झाला, आज वडाळ्याचं ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय म्हणतात ते हेच. तिथल्या मैलापाण्याच्या टाकीवर १८९७ च्या सुमारास गॅस गोळा करायची सोय केली गेली आणि त्या गॅसवर इंजिनही चालवलं गेलं. त्या काळचे मुंबईचे ड्रेनेज इंजिनिअर जेम्स यांनी आपल्या पुस्तकात त्याबद्दल लिहून ठेवलंय. समाजाने ज्यांना गावाबाहेर काढलं, त्यांच्या मैल्यावर देशातलं पहिलं मिथेन इंजिन चाललं. यावर मी वेगळं काही बोलत नाही.

जाता जाता एक गंमत. तुम्ही इंटरनेटवर शोधलंत तर ढीगभर ठिकाणी लिहिलेलं सापडेल की मुंबईच्या कुष्ठरोगी वसाहतीत जगातला पहिला असा प्रकल्प १८५९ मध्ये झाला. परदेशी पाठ्यपुस्तकांतही हे साल आहे. आता जो आश्रमच १८९० मध्ये सुरू झाला, त्यात १८५९ मध्ये प्रकल्प कसा? कुणीतरी कधीतरी आकडा चुकवला आणि बाकीच्यांनी तो तपासल्याशिवाय उतरवून घेतला. गोबरगॅसच्या इतिहासातला हा पहिला न तपासलेला आकडा. शेवटचा नाही.

शेणाकडे शास्त्र वळलं ते १९३९ च्या आसपास. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत देसाई यांनी शेण कुजवून गॅस काढायचे प्रयोग केले. पन्नासच्या दशकात जशभाई पटेल यांनी 'ग्रामलक्ष्मी' नावाचा नमुना तयार केला. जमिनीत विहिरीसारखी गोल टाकी आणि तिच्यावर उलटी ठेवलेली लोखंडी टोपी. गॅस साठला की टोपी वर येते, वापरला की खाली जाते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला खादी-ग्रामोद्योग आयोगाने हा नमुना उचलला आणि तो देशभर गेला. मराठवाड्याच्या गावांत जुन्या वाड्यामागे गंजलेली टोपी दिसली तर समजायचं, ही तीच.

या टोपीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते सगळ्या गोष्टीची किल्ली तिच्यात आहे. आमच्या घरी अशी टाकी होती. आजी शिकलेली नव्हती. पण सकाळी शेणकाला टाकायला गेली की आधी टोपीकडे बघायची. "आज दोन बोटं खालीच हाय," म्हणायची, आणि त्या दिवशी डाळ गॅसवर नि भाकरी चुलीवर असा निर्णय व्हायचा. थंडीत टोपी हमखास खाली राहायची, कारण शेणातले जीवाणू गारठ्यात सुस्तावतात, त्यांना पस्तीस अंशांच्या आसपासची ऊब लागते. मग ती काल्यात कोमट पाणी घालायची. बैल शेतावर मुक्कामी असले की शेण कमी, टोपी खाली. एका पोळ्यानंतर आठवडाभर टोपी चढेना तेव्हा तिनेच ओळखलं की कुठेतरी फुटलंय, आणि साबणाचं पाणी लावून सांधा शोधला. हे सगळं मोजमापच होतं की! टोपी म्हणजे मीटर. ती कुणी मीटर म्हणून बसवली नव्हती, पण होती.

आता साधा हिशेब, जो प्रत्येक टाकीवाल्याला पाठ हवा. मोठं जनावर दिवसाला साधारण दहा किलो शेण देतं. किलोभर ताज्या शेणातून ढोबळमानाने चाळीस लिटर गॅस. म्हणजे पंचवीस किलोला एक घनमीटर. पाच जनावरं असतील तर पन्नास किलो शेण, तेवढंच पाणी, आणि दोन घनमीटर गॅस. या गॅसमध्ये मिथेन असतो पंचावन्न ते साठ टक्के. बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, जो जळत नाही. वास येतो तो थोड्याशा हायड्रोजन सल्फाइडचा, मिथेनला स्वतःला वास नाही. एक घनमीटर गोबरगॅस म्हणजे साधारण पावणेअर्धा किलो सिलिंडरचा गॅस. दोन घनमीटरची टाकी नीट चालली तर सोळा-सतरा दिवसांत एक सिलिंडर वाचतो. वर मळी मिळते, तिच्यातलं नत्र टिकून राहतं, हळदीला आणि उसाला ती घालून बघा. नीट चालली तर, हे दोन शब्द मात्र विसरू नका.

१९७३ मध्ये तेल महागलं आणि दिल्लीला एकदम शेण आठवलं. लोखंडी टोपी महाग पडत होती, दोन-चार वर्षांनी गंजायची, रंग द्यावा लागायचा. म्हणून स्वस्त नमुना शोधायला सुरुवात झाली. १९७८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या अजितमलच्या केंद्रातून 'जनता' नमुना आला, चिनी पद्धतीवर बेतलेला. टोपीच्या जागी विटांचा पक्का घुमट. १९८४ मध्ये अफ्प्रो या संस्थेने तो आणखी स्वस्त केला, त्याचं नाव 'दीनबंधू'. मधल्या काळात, १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला. अनुदान आलं, उद्दिष्ट आलं. राज्याला अमुक टाक्या, जिल्ह्याला अमुक, तालुक्याला अमुक. तेव्हा आपण परभणी जिल्ह्यात होतो, हिंगोली वेगळा झाला १ मे १९९९ ला.

दीनबंधू वाईट नमुना नाही, हे आधी सांगतो. चांगल्या गवंड्याने बांधला तर वीस-पंचवीस वर्षं हलत नाही. पण त्याच्यात एक गोष्ट गेली. टोपी गेली, म्हणजे डोळ्याला दिसणारं मीटर गेलं. घुमट जमिनीखाली. गॅस किती साठला, किती गळला, काही दिसत नाही. शेगडी पेटली तर आहे, नाही पेटली तर नाही. घुमटाला केसाएवढी भेग गेली तरी गॅस निसटतो आणि घरच्या बाईला वाटतं शेणच कमी पडतंय. आमच्याकडे जुनी टोपी गंजल्यावर अनुदानातून घुमटाची टाकी बांधली. बांधणारा कोण ते सोडा. पहिल्या उन्हाळ्यात शेगडी मंद झाली, दुसऱ्या वर्षी विझली. टाकी मात्र कागदावर पूर्ण, कारण बांधकाम पूर्ण झालं होतं, फोटो निघाला होता, आणि बांधणाऱ्याला मेहनताना टाकीमागे होता. घनमीटरमागे असता तर तो दुसऱ्या दिवशी भेग शोधत आला असता.

देशात आजवर पन्नास लाखांहून जास्त टाक्या झाल्याचं सरकारी आकडे सांगतात. या यादीत महाराष्ट्र कायम वरच्या क्रमांकावर. यातल्या आज किती पेटतात? अहो, सोपा प्रश्न आहे. पण जे मोजलंच नाही त्याचं उत्तर यायचं कुठून? २०१६ मध्ये उज्ज्वला आली, घरात सिलिंडर आला, आणि ज्या टाक्या अर्ध्या चालत होत्या त्यांच्याकडे बघायचं कुणाला कारणच उरलं नाही. मग सिलिंडरची किंमत वाढली तशी चूल परत पेटली. पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या, गवऱ्या आहेतच.

सगळीकडे असंच झालं असं नाही. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात पुरा नावाचं छोटं गाव आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अमूल्य रेड्डींच्या गटाने तिथे गावाची सामायिक टाकी उभी केली, आणि १९८७ पासून त्या गॅसच्या इंजिनावर गावाला वीज आणि नळाचं पाणी मिळू लागलं. आधी स्वयंपाकासाठी गॅस द्यायचा बेत होता, तो जमला नाही. लोकांना पाणी हवं होतं, म्हणून बेत बदलला. तिथली एक गोष्ट मला फार आवडते. घरोघरचं शेण रोज तोलून घेतलं जायचं, वहीत नोंद व्हायची आणि आणून टाकण्याचे किलोमागे पैसे मिळायचे. बाया-पोरं शेण घेऊन काट्यावर उभी. म्हणजे गावाला रोज माहीत होतं, काय आत गेलं आणि काय बाहेर आलं.

आपल्या देहूला डॉ. मापुसकरांनी जे केलं ते तर आपल्या डोळ्यांदेखतचं. सुहास मापुसकर तरुणपणी सरकारी डॉक्टर म्हणून देहूत आले. तुकोबांचं गाव, वारकऱ्यांची गर्दी, आणि शौचालयं जवळपास नाहीतच. रोग्यांना गोळ्या देऊन काही होत नाही, रोग उघड्यावरच्या मैल्यात आहे, हे त्यांनी ओळखलं आणि उभं आयुष्य संडास बांधण्यात घातलं. पुढे शौचालयाला जोडलेला 'मलप्रभा' हा गॅस प्रकल्प त्यांनी रुजवला. २०१५ मध्ये ते गेले, २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. कोकणात त्यांच्याही आधी अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचं खत करून दाखवलं होतं, भंगीमुक्तीसाठी. आणि पुण्याला डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने घरातल्या खरकट्यावर चालणारी छोटी टाकी काढली, तिला २००६ मध्ये लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. कर्व्यांचा मुद्दा वजनाचाच होता. शेण म्हणजे जनावराने आधीच पचवून उरलेला चोथा. पिठूळ, साखरेचं अन्न टाकलं तर किलोमागे कितीतरी पट गॅस येतो, आणि तोही कमी दिवसांत. हे त्यांना कळलं कारण त्यांनी तोलून पाहिलं.

आता दुसरी बाजू, जी ऐकायला बरी वाटत नाही. मिथेन जळला तर इंधन, निसटला तर संकट. वातावरणात तो साधारण बारा वर्षं टिकतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या साधारण अठ्ठावीसपट ऊब धरतो, वीस वर्षांचा धरला तर ऐंशीपट. औद्योगिक क्रांतीआधी हवेच्या एक अब्ज भागांत मिथेनचे सातशेहून थोडे जास्त भाग होते, आता १,९०० च्या पुढे गेलेत. आता विचार करा. गवरी उन्हात वाळते तेव्हा तिच्यात मिथेन फारसा होत नाही, कारण तिला हवा लागते. टाकीत मात्र आपण मुद्दाम हवा बंद करून मिथेन तयार करतो. ती टाकी गळत असेल तर जो मिथेन झालाच नसता तो आपण करून हवेत सोडतोय. वर त्यावर अनुदान! आंतरराष्ट्रीय हिशेबात टाकीची दहा टक्के गळती नुसती गृहीत धरतात. आपली पाच आहे की चाळीस, कोण सांगणार?

इथे एक गैरसमजही काढून टाकतो. जनावरांचा बहुतेक मिथेन शेणातून येत नाही, तोंडातून येतो. रवंथ करताना ढेकरेवाटे. त्यामुळे गोबरगॅसने गायीचा सगळा मिथेन थांबतो असं कुणी भाषणात म्हणालं तर टाळी वाजवू नका. २०२१ मध्ये ग्लासगोला शंभरावर देशांनी २०३० पर्यंत मिथेन तीस टक्के घटवायची शपथ घेतली. भारत त्यात गेला नाही. दोन जनावरं नि एकरभर धान असलेल्या माणसाच्या पोटावर पाय येतो, ही आपली भूमिका होती, आणि मला ती रास्त वाटते. पण सही केली नाही म्हणून मोजायचंही नाही, असं कुठे आहे?

कारण आपण नाही मोजलं तर दुसरे मोजतात. २०२२ मध्ये उपग्रहांवरून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिल्ली, मुंबई, लाहोर आणि ब्युनोस आयर्स या शहरांवरचा मिथेन त्यांनी वरून पाहिला. हिशेबाच्या वह्यांत जेवढा धरला होता त्याच्या १.४ ते २.६ पट निघाला, आणि मोठा वाटा कचऱ्याच्या डोंगरांचा. ज्या मुंबईत सव्वाशे वर्षांपूर्वी मैलापाण्याचा गॅस इंजिनाला लावला, तिथे आज तो मोकाट सुटलेला अवकाशातून दिसतो.

आता आत्ताच का लिहितोय ते. २०१८ पासून दोन योजना आल्यात, 'गोबरधन' आणि 'सतत'. 'सतत'मध्ये शेण, उसाची मळी, पिकाचा काडीकचरा यांपासून गॅस करून, शुद्ध करून, दाबाने भरून गाड्यांना विकायचा. मानक सांगतं की त्यात किमान नव्वद टक्के मिथेन हवा. सुरुवातीला तेल कंपन्यांनी किलोला ४६ रुपये भाव जाहीर केला होता. देशात ५,००० प्रकल्पांचं उद्दिष्ट होतं, त्याच्या जवळपासही आपण पोचलेलो नाही. तरी हे येणार, आपल्याकडेही येणार. वसमतचा ऊस आहे, हळदीचा पाला आहे, गोठे आहेत. कुणीतरी येऊन गावाशी करार करेल. तो विकणार मिथेन, किलोवर, मीटर लावून. आणि आपल्याकडून घेणार काय? ट्रॉलीभर शेण, अंदाजे. कार्बन क्रेडिटचेही पैसे येतील, तेही मिथेनच्या मोजमापावर. ज्याच्याकडे मीटर त्याच्याकडे हिशेब, आणि आपण ट्रॉली मोजत बसणार. ऊस काट्यावर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

म्हणून करारात तीन गोष्टी मागा, असं ग्रामसभेत मी म्हणणार आहे. शेण तोलून घ्यायचं आणि त्यात पाणी किती, कोरडा भाग किती, हे बघून भाव ठरवायचा. प्रकल्पाच्या गॅस मीटरची रोजची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. आणि मळी परत द्यायची, तीही तोलून, कारण शेतातलं नत्र शेतात यायला हवं.

घरच्या टाकीला तर काहीच खर्च नाही. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून पट्टीवर बांधा, निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा, एक टोक गॅसच्या लाइनला टीने जोडा, दुसरं उघडं. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीत जेवढा फरक, तेवढा दाब. टोपीच्या टाकीत हा फरक दहा सेंटिमीटरच्या आसपास जवळपास स्थिर राहतो. तिथे टोपीवर रंगाने पट्टी आखली की झालं. घुमटाच्या टाकीत गॅस साठेल तसा दाब चढतो. संध्याकाळी शेगडी बंद केल्यावर वाचा, पहाटे पेटवायच्या आधी परत वाचा. रात्रभरात चढला तर ठीक. होता तिथेच राहिला किंवा उतरला तर गळती आहे, किंवा शेण कमी पडतंय. आठवडाभर लिहा, कळतं. मिथेन किती टक्के हे शाळेच्या प्रयोगशाळेतही बघता येतं. मोठ्या सिरिंजमध्ये शंभर मिलिलिटर गॅस घ्या, त्यात कॉस्टिक सोड्याचं द्रावण ओढून हलवा. कार्बन डायऑक्साइड द्रावणात शोषला जातो, उरतो तो बहुतेक मिथेन. साठ उरला तर उत्तम, चाळीस उरला तर टाकी आंबली आहे, काही दिवस काला कमी टाका. कॉस्टिक हाताला भाजतं, मास्तरांना बरोबर घ्या आणि जवळ दिवा-काडी नको.

आपल्या पाच तालुक्यांची, हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा, यादी करायला घेतोय. प्रत्येकाने फक्त आपल्या गावाचं सांगा. टाक्या किती, टोपीच्या किती, घुमटाच्या किती, आज शेगडी कितींची पेटते, आणि बंद पडलेल्या कोणत्या सालापासून बंद आहेत. माणसांची नावं नकोत, नुसते आकडे. अंदाजे नको, जाऊन बघून. गाव आणि तालुका लिहायला विसरू नका, मागच्या वेळी विहिरींच्या यादीत तीन पिंपळगाव आले आणि कोणतं कुठलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. आकडे आले की तालुकावार इथेच टाकतो.